आडवी लहर, उभी लहर

रात्रीचे दोन वाजले आहेत. रुग्णालयाच्या लांबलचक दालनात एकच मंद दिवा जळत आहे. भिंतीलगतच्या खाटेवर एक वृद्ध गृहस्थ झोपले आहेत. दोन दिवसांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. त्यांच्या छातीला चिकटवलेल्या बारीक तारा गळ्यातील एका पिशवीत शिरल्या आहेत आणि त्या पिशवीत तळहाताएवढे एक यंत्र आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका ते टिपते आणि तारेवाचून दूर पाठवते. दालनाच्या मध्यावर छताला थाळीएवढी एक पांढरी पेटी बसवलेली आहे. ती हा संदेश झेलते व पुढे तारेने दालनाच्या टोकाशी पोहोचवते. तेथे परिचारिका बसली आहे. तिच्यासमोरील पडद्यावर एक हिरवी रेषा ठोक्यागणिक उसळी घेत आहे. रेषा बंद पडली किंवा वेडीवाकडी झाली, की परिचारिकेने तत्काळ उठून धावले पाहिजे.

एवढ्यात वृद्ध गृहस्थ झोपेत कूस बदलतात. त्यांच्याबरोबर पिशवीतील यंत्रही कलंडते. त्यातील इवलीशी अँटेना मघापर्यंत आडवी होती, ती आता उभी झाली. पडद्यावरची रेषा मात्र अखंड चालली आहे. परिचारिकेला काही घडल्याचे कळलेही नाही. वास्तविक त्या क्षणी संदेश तुटण्यास सबळ कारण घडले होते! मग तो तुटला का नाही?

छतावरील त्या पेटीला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. वाय-फायने जोडलेली सारी यंत्रे तिच्याशीच बोलतात. शाळा, ग्रंथालये, रेल्वे स्थानके अशा अनेक ठिकाणी ती आता दृष्टीस पडते. तिच्या पोटात काय दडले आहे ते पाहण्यापूर्वी मात्र १८८८ सालात आणि जर्मनीतील कार्ल्सरूह या गावात जावे लागते.

त्या गावच्या तंत्रविद्यालयात हाइनरिख हर्ट्‌झ नावाचे एकतीस वर्षांचे प्राध्यापक प्रयोग करीत होते. विजेची ठिणगी पाडली म्हणजे तिच्यापासून अदृश्य तरंग निघतात आणि ते प्रकाशाप्रमाणेच अवकाशातून प्रवास करतात, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले होते. त्यांची साधने आजच्या दृष्टीने ओबडधोबडच म्हणावी लागतील. दोन मीटर लांब व तितकाच रुंद असा जस्ताचा पत्रा वाकवून त्यांनी आरसा बनवला होता. त्या आरशापुढे ठिणगी पाडणारा दांडा उभा धरला, की तरंगांचा झोत समोर जाई. समोर तसाच दुसरा आरसा असे आणि त्यात तरंग टिपणारी तार असे. तरंग येऊन पोहोचले म्हणजे या तारेच्या फटीत एक अतिशय बारीक ठिणगी चमके. ती दिसावी म्हणून खोलीत काळोख करावा लागे.

हर्ट्‌झ यांनी पाठवणारा दांडा उभा ठेवला आणि टिपणारी तारही उभी ठेवली. ठिणग्या दिसल्या. मग त्यांनी टिपणारा आरसा तारेसह हळूहळू कलता केला. जसजसा तो कलत गेला तसतशा ठिणग्या मंदावत गेल्या आणि तार पूर्ण आडवी होताच नाहीशा झाल्या. अंतर तेच होते, तरंगही तेच होते, मध्ये कसलाही अडथळा नव्हता. केवळ तारेची दिशा बदलली आणि ती बहिरी झाली.

याचे कारण समजण्यास एक दोरी पुरेशी आहे. दोरीचे एक टोक खुंटीला बांधावे, दुसरे हातात घ्यावे आणि हात वरखाली हलवावा. दोरीवरून जी लहर धावते ती उभी लहर होय. हात डावीकडून उजवीकडे हलवला तर आडवी लहर धावते. दोन्ही लहरी खुंटीकडेच जातात. भेद आहे तो दोरीच्या डोलण्याच्या दिशेत. बिनतारी तरंगांचेही असेच आहे. त्यात दोरी नसते. डोलते ते विद्युतबल. ते ज्या दिशेने मागेपुढे डोलते त्या दिशेला त्या तरंगाचे ध्रुवण म्हणतात. उभ्या अँटेनातून निघालेल्या तरंगाचे ध्रुवण उभे असते, आडव्या अँटेनातून निघालेल्याचे आडवे.

असा तरंग एखाद्या तारेवर येऊन आदळला, की तारेतील इलेक्ट्रॉनांना तो ढकलू लागतो. ढकलण्याची दिशा आणि तारेची लांबी एकाच रेषेत असतील तर इलेक्ट्रॉन तारेच्या या टोकापासून त्या टोकाकडे धावतात व हेलकावे घेतात. हाच हेलकावा म्हणजे आलेला संदेश. पण तार जर त्या दिशेशी काटकोनात असेल, तर इलेक्ट्रॉनांना धावण्यास केवळ तारेच्या जाडीएवढी जागा उरते. तेवढ्यात ते धावणार ते कितीसे? मधल्या स्थितींचा हिशेबही ठरलेला आहे. तार ४५ अंशांनी कलली तर हाती येणारी शक्ती निम्मी होते; ६० अंशांनी कलली तर चौथा हिस्सा उरतो; ९० अंशांवर काहीच उरत नाही. प्रत्यक्षातील अँटेना इतकी काटेकोर नसते. तिला काटकोनातही शंभरावा किंवा हजारावा हिस्सा ऐकू येतो. परंतु दुरून आलेला संदेश आधीच क्षीण असतो, त्याचा हजारावा हिस्सा घेऊन काय करायचे?

हर्ट्‌झ तेथेच थांबले नाहीत. त्यांनी एक मोठी अष्टकोनी चौकट घेतली आणि तीत तांब्याच्या तारा तीन तीन सेंटिमीटर अंतरावर समांतर ताणून बसवल्या. खिडकीला गज असावेत तशी ती जाळी दिसे. ही जाळी त्यांनी दोन आरशांच्या मध्ये धरली. जाळीच्या तारा उभ्या असल्या, की उभा तरंग अडे. आडव्या असल्या, की तो निर्वेध पलीकडे जाई. पुष्कळांना येथे चकवा बसतो. खिडकीच्या उभ्या गजांमधून दोरी ओवली तर वरखाली डोलणारी लहर पलीकडे जाते व आडवी अडते, म्हणून तारांच्या जाळीतही तसेच व्हावे असे वाटते. घडते ते नेमके उलट. उभ्या तारांत उभ्या तरंगाला इलेक्ट्रॉन धावडवता येतात आणि त्या धावण्यातूनच तो माघारी परततो. दोरीची उपमा समजूत पटवण्यापुरती चांगली. तिला फार ताणू नये हे बरे.

यानंतरचा प्रयोग या पाठाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. पाठवणारा दांडा उभा आणि टिपणारी तार आडवी अशी मांडणी हर्ट्‌झ यांनी केली. अर्थात ठिणगी दिसेना. मग त्यांनी ती जाळी ४५ अंशांनी तिरकी करून मध्ये धरली आणि काय आश्चर्य, बंद झालेल्या ठिणग्या पुन्हा चमकू लागल्या! वाटेत अडथळा आणला आणि संदेश तुटण्याऐवजी जुळला.

हे कसे झाले? शेताच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरके चालत गेलेला मनुष्य थोडा पूर्वेकडे गेलेला असतो आणि थोडा उत्तरेकडेही. तिरक्या दिशेत दोन्ही दिशांचा वाटा असतो. उभा तरंग तिरक्या जाळीवर आला तेव्हा त्याचा तारांच्या दिशेचा भाग परतला आणि तारांशी काटकोनात असलेला भाग पार झाला. पलीकडे निघालेला तरंग आता तिरका होता आणि त्या तिरकेपणात आडवेपणाचाही अंश होता. आडव्या तारेने तो अंश तेवढा उचलला. थोडक्यात, वाटेतील तिरक्या वस्तूने तरंगाचे ध्रुवण फिरवले.

ध्रुवण फिरवण्याचे काम केवळ धातूच्या तारांनाच येते असे नाही. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ सालापासून या विषयात जे प्रयोग केले ते आजही थक्क करतात. हर्ट्‌झ यांचे तरंग पाऊण मीटरच्या आसपास लांबीचे होते. बोस यांनी काही मिलिमीटर लांबीचे तरंग निर्माण केले, त्यामुळे त्यांची सारी उपकरणे मेजावर मावत. ध्रुवण तपासण्यासाठी त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचे एक जाडजूड पुस्तक घेतले आणि त्याच्या पानांमध्ये कथिलाचा वर्ख घातला. झाले उपकरण तयार! पुढे त्यांनी तागाचे जुडगे घेऊन त्याला दोरखंडासारखा पीळ दिला. अशा पिळातून तरंग गेला, की त्याचे ध्रुवण फिरे. पीळ उजवा असला तर एका बाजूस, डावा असला तर दुसऱ्या. साखरेच्या पाण्यातून जाताना प्रकाशाचे ध्रुवण फिरते, त्याची नक्कल त्यांना करून पाहायची होती. महागड्या यंत्रशाळेची वाट पाहत न बसता बंगालच्या मातीत पिकणाऱ्या तागाला त्यांनी कामाला लावले, ही गोष्ट लहान नाही.

आता पुन्हा त्या रुग्णालयाच्या दालनाकडे वळावे. तेथे लोखंडी खाटा आहेत, सलाइनच्या बाटल्या अडकवण्याचे दांडे आहेत, खिडक्यांना गज आहेत, पाण्याचे नळ आहेत, पत्र्याची कपाटे आहेत, भिंतींच्या पोटात सळया आहेत. काही उभे, काही आडवे, बरेचसे तिरके. हर्ट्‌झ यांनी एक जाळी मुद्दाम धरली होती. येथे शेकडो जाळ्या आपोआपच उभ्या आहेत. यंत्रातून निघालेला तरंग यांतल्या कशाकशावर आपटतो, परावर्तित होतो, वाकतो, कलतो. पेटीपर्यंत तो एकाच वाटेने न येता अनेक वाटांनी येतो, आणि प्रत्येक वाटेने आलेल्या तरंगाचा कल निराळा असतो. यंत्रातून निघताना उभा असलेला तरंग पेटीशी आडवा होऊन पोहोचणेही शक्य आहे. कोणती दिशा येईल हे आधी सांगता येत नाही आणि रुग्णाने कूस बदलली की सारा हिशेब पुन्हा बदलतो.

यात आणखी एक अडचण असते. वाय-फायचा एक सर्रास वापरला जाणारा तरंग सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा डोलतो. तो सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, हे लक्षात घेऊन भागाकार केला तर त्याची लांबी साडेबारा सेंटिमीटर भरते. निरनिराळ्या वाटांनी आलेल्या दोन तरंगांपैकी एक दुसऱ्यापेक्षा सव्वासहा सेंटिमीटर अधिक चालून आला, तर एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो आणि दोघे परस्परांना पुसून टाकतात. म्हणून चार बोटे जागा बदलली, तरी भरघोस येणारा संदेश विरून जातो. मोबाइल हातात घेऊन खोलीत फिरणाऱ्या माणसाला हा अनुभव येतो. त्याचा राग मात्र तो मोबाइलवर काढतो.

अशा प्रकारे विरणाऱ्या संदेशावरचा उपाय वाय-फायहून बराच जुना आहे. अमेरिकेत लाँग आयलंड बेटावरील रिव्हरहेड येथे सागरापलीकडून येणारे बिनतारी संदेश टिपण्याचे केंद्र होते. तेथील अभियंते बेव्हरेज आणि पीटरसन यांनी एकाऐवजी परस्परांपासून दूर अशा अनेक अँटेना उभारल्या. एका जागी संदेश विरला, तरी त्याच क्षणी दुसऱ्या जागी तो विरेलच असे नाही, हे त्यांनी ताडले होते. त्यांच्या या पद्धतीचे वर्णन १९३१ साली प्रसिद्ध झाले. पण त्यासाठी मोकळे रान हवे. छतावरच्या थाळीएवढ्या पेटीत असे रान कोठून आणायचे?

येथे ध्रुवण उपयोगी पडते. अँटेना दूर दूर ठेवण्यास जागा नसेल, तर त्या एकाच जागी, पण एकमेकींशी काटकोनात ठेवाव्यात. एक आडवी, दुसरी उभी. किंवा एक डावीकडे कललेली, दुसरी उजवीकडे. साडेबारा सेंटिमीटरच्या तरंगासाठी सहा सेंटिमीटर लांबीची, म्हणजे साधारण करंगळीएवढी अँटेना पुरते. अशा दोन सहज मावतात. या योजनेला ध्रुवण-वैविध्य असे म्हणता येईल. मोटारीतून आणि पायी हिंडताना वापरायच्या दूरध्वनीसाठीही हा उपाय अभ्यासला गेला आणि त्यावर १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांचा निबंध प्रसिद्ध झाला. मोबाइलच्या मनोऱ्यांवर जे लांबट पांढरे फलक दिसतात त्यांपैकी पुष्कळांच्या पोटात अशा परस्परांना छेदणाऱ्या तिरक्या जोड्याच असतात. फुलीच्या आकाराच्या या जोड्या बाहेरून दिसत नाहीत, इतकेच.

एखादा चौकस विद्यार्थी येथे विचारील, दोन कशाला? एकच अँटेना ४५ अंशांत तिरकी बसवली, की तिला उभा तरंगही निम्मा ऐकू येईल आणि आडवाही निम्मा. प्रश्न रास्त आहे. पण तिरकी अँटेना जर डावीकडे कललेली असेल, तर उजवीकडे कललेल्या तरंगाला ती ठार बहिरी असेल. एकटी अँटेना कशीही वळवली, तरी तिच्या बहिरेपणाची एक दिशा उरतेच. ती दिशा हलवता येते, पण नाहीशी करता येत नाही. काटकोनातील दुसरी अँटेना मात्र नेमकी त्याच दिशेला सर्वांत तीक्ष्ण कानाची असते. एकीचे बहिरेपण ते दुसरीचे श्रवण! म्हणून पेटीच्या समोरून येणारा तरंग कोणत्याही बाजूस कललेला असो, दोघींपैकी एकीला तरी निम्म्याहून कमी वाटा कधीच मिळत नाही.

संदेश विरण्याच्या बाबतीतही जोडीचा लाभ होतो. समजा, शंभर क्षणांपैकी दहा क्षण पहिल्या अँटेनाला संदेश नीट येत नाही, आणि दुसरीचीही तीच गत आहे. दोघींचे वाईट क्षण एकमेकींवर अवलंबून नसतील, तर पहिलीच्या दहा वाईट क्षणांपैकी एखादाच दुसरीलाही वाईट असेल. शंभरात दहाऐवजी एकच क्षण गमावला. प्रत्यक्षात दोघी इतक्या स्वतंत्र नसतात आणि दोघींना सारखी शक्तीही मिळत नाही, म्हणून लाभ काहीसा कमी होतो. तरी तो थोडका म्हणता येणार नाही.

दोन कान झाले; आता कोणाचे ऐकायचे? दोन्ही तारा नुसत्या एकत्र बांधल्या तर काम बिघडते. अशा बांधलेल्या जोडीचे वर्तन पुन्हा एकाच तिरक्या अँटेनासारखे होते आणि गेलेले बहिरेपण परत येते. आरंभीच्या ॲक्सेस पॉइंटांत यावर साधी युक्ती होती. वाय-फायचा संदेश सलग धारेसारखा वाहत नाही. तो लहान लहान गठ्ठ्यांनी येतो. प्रत्येक गठ्ठ्याच्या आधी एक ठरावीक खूण येते. कीर्तनकाराने निरूपण सुरू करण्यापूर्वी टाळ-मृदंग वाजावेत, तशी ही खूण ऐकणाऱ्याला सावध करते. १९९९ सालच्या एका प्रमाणानुसार चालणाऱ्या यंत्रांत ही खूण काही वेळा सुमारे सव्वाशे मायक्रोसेकंद चाले, आणि मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहालाखावा भाग. एवढ्या अवधीत पेटी आधी एका अँटेनाने ऐके, मग दुसरीने ऐके, जिचा आवाज खणखणीत तिला निवडी आणि उरलेला गठ्ठा तिच्याद्वारे घेई. उत्तर पाठवतानाही ती बहुधा त्याच अँटेनाचा उपयोग करी. येण्यास जी वाट चांगली, ती जाण्यासही चांगली असते.

पुढे याहून सरस रीत रूढ झाली. तिच्यात एकीला निवडून दुसरीला टाकून देत नाहीत, दोघींचेही ऐकतात. झोपाळ्याला दोघांनी झोका द्यायचा असेल, तर दोघांचा धक्का एकाच वेळी बसावा लागतो. एकाने पुढे लोटले व दुसऱ्याने मागे, तर झोपाळा थांबतो. त्याचप्रमाणे पेटीतील मंडल प्रथम दोन्ही अँटेनांकडून आलेले हेलकावे एका तालात आणते. मग जिचे ऐकणे स्पष्ट, तिच्या शब्दाला अधिक वजन देते. जिचे अस्पष्ट, तिच्या शब्दाला कमी. आणि नंतर दोन्हींची बेरीज करते. क्षीण अँटेनाचा अल्पसा हातभारही वाया जात नाही. २००९ साली संमत झालेल्या वाय-फायच्या प्रमाणाने तर याही पुढची मजल गाठली. पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे अशा जोड्या असतील, तर एकाच वेळी, एकाच कंप्रतेवर, दोन निराळे संदेश पाठवता येतात. ध्रुवण निराळे असल्याने ते अवकाशात एकमेकांत पुरते मिसळून जात नाहीत आणि जेवढे मिसळतात तेवढे गणिताने सोडवता येतात.

ही युक्ती सर्वशक्तिमान आहे असे मात्र कोणी समजू नये. तरंग पोहोचलाच नाही, तर तो टिपायला दोन अँटेना असोत की आठ, उपयोग शून्य. जाड दगडी भिंत, लांबचे अंतर, एकाच पेटीभोवती झालेली यंत्रांची गर्दी, यांपुढे ध्रुवण-वैविध्याचे काही चालत नाही. चोरी होईल या भीतीने कित्येक ठिकाणी ही पेटी लोखंडी कपाटात कुलूपबंद करतात आणि मग वाय-फाय चालत नाही म्हणून तक्रार करतात. त्याला इलाज नाही. मोकळ्या मैदानात तिचा एक लाभ कमी होतो, कारण तेथे तरंगाला कलवणाऱ्या वस्तू फारशा नसतात. तेथे ती उपयोगी पडते ती माणसाच्या हातातील यंत्र कलते म्हणून.

दालनात पहाट होऊ लागली आहे. वृद्ध गृहस्थ पुन्हा कूस बदलतात. छतावरील पेटीतील उभ्या अँटेनाला येणारा संदेश क्षीण होतो. आडवीला तो स्पष्ट येऊ लागतो. मंडल दोघींच्या शब्दांचे वजन नव्याने ठरवते. हे सारे घडायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. परिचारिका दुसऱ्या रुग्णाची बाटली बदलून जागेवर येते, पडद्यावरील हिरव्या रेषेकडे पाहते आणि वहीत साडेपाचची नोंद करते.